न्यूझीलंडची एसीसी: हाड जोडून देते, घरी पोचवत नाही

क्वीन्सटाउनला बंजीच्या रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्याला धास्ती असते ती दोरीची. तिथल्या दवाखान्यांत मात्र पाहुणे येतात ते बहुतेक वेगळ्याच कारणांनी. पायवाटेवरच्या ओल्या मुळावरून पाय सटकला, भाड्याच्या सायकलवरून हँडलच्या पुढे फेकले गेले, स्कीवर वळताना गुडघा पिळला. घसरणं, अडखळणं आणि पडणं, तेही बहुधा गाइड सोबत नसताना. अशा वेळी न्यूझीलंडमध्ये परदेशी पाहुण्याच्या पाठीशी एक सरकारी सेवा आपोआप उभी राहते. तिचं नाव ॲक्सिडेंट कॉम्पेन्सेशन कॉर्पोरेशन, सगळ्यांच्या तोंडी एसीसी. तिकडे ट्रेकिंगला, स्कीइंगला किंवा सायकलिंगला जाणाऱ्यांसाठी हे तिचं परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांसाठी पाचपैकी पाच. परतीच्या विमानात पाऊल ठेवल्यानंतर शून्य. हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि फक्त पहिला ऐकून गेलेल्या माणसाची पंचाईत होते.

मुळात ही विम्याची पॉलिसी नव्हे. 1967 साली न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं अहवाल दिला, 1972 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1974 पासून योजना चालू झाली. मूळ कायद्यात कमावणारी माणसं आणि रस्त्यावरच्या अपघातातले जखमी एवढेच होते. योजना सुरू होण्याआधीच 1973 मध्ये दुरुस्ती करून गृहिणी, विद्यार्थी, मुलं आणि परदेशी पाहुणे यांनाही आत घेतलं. सध्या लागू आहे तो 2001 चा कायदा. व्यवहार सरळ आहे: चूक कोणाची हे कोणी विचारणार नाही, उपचार मिळतील, आणि त्या बदल्यात नुकसानभरपाईसाठी कोणावर दावा लावता येणार नाही. पाहुण्याला हप्ता भरावा लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही, टुरिस्ट व्हिसावर आहे की पंधरा दिवसांसाठी नातेवाइकांकडे आलाय हेही बघत नाहीत. देशात असताना दुखापत झाली, एवढं पुरतं. स्वतःच्या निष्काळजीपणानं पडला असला तरीसुद्धा.

कायद्याच्या भाषेत अपघात म्हणजे शरीराबाहेरून लागलेला जोर किंवा अडथळा, आणि त्या जोरात गुरुत्वाकर्षणही धरलेलं आहे. म्हणजे दगडावरून घसरून घोटा मुरगळला तर तो अपघात. दगड अंगावर येतोय म्हणून झटकन बाजूला होताना कंबर लचकली तर तोही. पण चढ चढताना छातीत कळ आली तर तो आजार. पोट बिघडलं, दमा उसळला, ताप आला, तर तेही आजारच, आणि आजाराशी एसीसीचा संबंध नाही. ही रेघ ठळक आहे आणि तिचा परिणाम थेट खिशावर होतो. अपघाती दुखापतीचा सरकारी इस्पितळातला तातडीचा उपचार एसीसीच्या खात्यातून होतो. त्याच इस्पितळात, शेजारच्याच खाटेवर, न्यूमोनिया झालेल्या परदेशी पाहुण्याला पूर्ण बिल येतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनशी न्यूझीलंडचे आरोग्यसेवेचे परस्पर करार आहेत. भारताशी तसा करार नाही.

जुन्या दुखण्याची गोष्ट जरा निसरडी आहे. गुडघ्याची झीज आधीपासून होती आणि ट्रेकवर उतारावर तो सुजला, तर एसीसी विचारते की हे पडल्यामुळे झालं की वयामुळे. एमआरआयमध्ये मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, झिजलेली दिसली की क्लेम अडू शकतो. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. नुसती मनाला बसलेली जबर धास्तीही, अंगाला काही इजा झालेली नसेल, तर पर्यटकाच्या बाबतीत सहसा बसत नाही.

क्लेमची प्रक्रिया या सेवेतला सगळ्यात चांगला भाग. एसीसीच्या कचेरीत जावं लागत नाही. डॉक्टर, इस्पितळ किंवा फिजिओ हेच तुमच्या वतीनं क्लेम दाखल करतात. फॉर्मचं नाव एसीसी 45, दाताला मार लागला असेल तर एसीसी 42. फिजिओकडे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, घोटा मुरगळल्यावर सरळ त्याच्याकडे गेलात तरी तो क्लेम टाकू शकतो. फॉर्मवर नाव, जन्मतारीख, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होतात, कसं लागलं आणि खेळताना लागलं का, एवढं विचारतात. निदानाचा कोड डॉक्टर भरतो. साधा क्लेम असेल तर 21 दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. साध्या फ्रॅक्चरला तोवर कोणी उपचार अडवून धरत नाही.

गडबड होते ती "कसं लागलं" या एका ओळीत. दुखत असताना माणूस तुटक बोलतो: "चालता चालता गुडघा दुखायला लागला." फॉर्मवर हे जसंच्या तसं उतरलं तर तो अपघात राहत नाही, दुखणं होतं. जे घडलं ते क्रमानं सांगा. पाय कशावर पडला, कुठल्या बाजूला वळला, अंग कुठे आदळलं, आवाज आला का, त्यानंतर त्या पायावर भार देता आला का. "ओल्या मुळावर उजवा पाय पडला, पाऊल आत वळलं, उजव्या बाजूवर पडले, त्यानंतर चार पावलंही टाकता आली नाहीत." डॉक्टरला निदानासाठी हेच हवं असतं आणि क्लेमलाही हेच लागतं. डावं-उजवं नीट लिहिलंय ना, आणि एकाहून जास्त ठिकाणी लागलं असेल तर ते सगळं फॉर्मवर आलंय ना, हे तिथेच वाचून घ्या. मनगटाच्या फ्रॅक्चरच्या नादात खांद्याचं राहून जातं, आणि तो खांदा चार दिवसांनी वर उचलेनासा होतो.

दुसरी चूक पत्त्याची. हॉटेलचा पत्ता दिला जातो, तिथला मुक्काम दोन रात्रींचा असतो, आणि मग पत्र जातं त्या हॉटेलात. रोज बघत असलेला ईमेल द्या, घरचा कायमचा पत्ता द्या, आणि दवाखान्यातून निघताना एसीसी 45 चा क्रमांक लिहून घ्या किंवा कागदाचा फोटो काढा. पुढे विमा कंपनी सगळ्यात आधी हाच क्रमांक मागते. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत फेरतपासणी मागता येते, परदेशातूनही.

"फुकट" हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. सरकारी इस्पितळातला तातडीचा उपचार आणि दुखापतीनंतरच्या 24 तासांतली तातडीची ॲम्ब्युलन्स यांचा खर्च एसीसी उचलते. खासगी डॉक्टर, फिजिओ आणि एक्स-रे सेंटर यांना एसीसी ठरावीक वाटा देते, आणि वरचा फरक, म्हणजे सरचार्ज, पेशंटकडून घ्यायची त्यांना मुभा आहे. तो दवाखान्यागणिक वेगळा असतो. पर्यटकांच्या गावांत, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तो चढा असतो. रिसेप्शनवर आधीच विचारावं, त्यात वावगं काही नाही. आणि ॲम्ब्युलन्स आजारासाठी बोलावली असेल तर परदेशी माणसाला तिचं बिल येतं.

आता शून्य कुठे मिळतं ते. न्यूझीलंडबाहेर घेतलेल्या उपचारांचा खर्च एसीसी देत नाही. परतीचं तिकीट, बदललेलं तिकीट, सोबतच्या माणसाचं हॉटेल, बुडालेलं बुकिंग, घरी बुडालेला पगार, यातलं काहीही नाही. पगाराच्या 80 टक्क्यांपर्यंतची साप्ताहिक भरपाई असते, पण ती न्यूझीलंडमध्ये कमावणाऱ्याला. देशात येताना-जाताना विमानात किंवा बोटीवर, अगदी चढता-उतरताना लागलं तरी कव्हर नाही. क्रूझवरून येणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं: बोटीच्या जिन्यावर पडलात तर एसीसी नाही, किनाऱ्यावर सहलीला गेल्यावर पडलात तर आहे.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते एसीएलवरून, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटवरून बघा. स्कीवर पडलात, गुडघ्यात "टक्" असा आवाज आला, दोन-तीन तासांत सूज चढली. तपासणी, एक्स-रे, ब्रेस, कुबड्या, फिजिओ हे सगळं तिकडे होतं. पण एसीएलची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. सूज उतरून गुडघा पूर्ण वाकायला-सरळ व्हायला लागेपर्यंत थांबतात, म्हणजे काही आठवडे. त्यात एमआरआय, स्पेशालिस्ट आणि एसीसीची मंजुरी. सुट्टी तर आठ दिवसांत संपते. मग शस्त्रक्रिया घरी होते आणि तिचं बिल पूर्णपणे तुमचं. त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांचा फिजिओही तुमचाच. दुखापत न्यूझीलंडची असली तरी तिचा मोठा खर्च न्यूझीलंडच्या बाहेर होतो, हे या सेवेबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जाणारं सत्य आहे.

बचावकार्य हा एसीसीचा भाग नाही, पण अनुभव सलग असतो म्हणून त्याबद्दलही. पोलिस आणि बचाव समन्वय केंद्र शोधमोहिमा चालवतात, आणि डोंगरात प्रत्यक्ष चालत जाणारी माणसं बरीचशी लँडसार या शोध-बचाव संस्थेची स्वयंसेवक असतात. शोधून काढल्याचं बिल सापडलेल्या माणसाला पाठवत नाहीत. बिलाच्या भीतीनं मदत मागायला उशीर करू नका, हे तिथली मंडळी पुन्हा पुन्हा सांगतात आणि ते शब्दशः खरं आहे. उशिरानं बोलावलेल्या मदतीला अंधार, गारठा आणि वारा यांच्याशी झगडावं लागतं.

मदत मागण्याचं साधन म्हणून मोबाइलवर विसंबू नका. आणीबाणीचा नंबर 111, पण डोंगरातल्या बऱ्याचशा वाटांवर रेंजच नसते. त्यासाठी पर्सनल लोकेटर बीकन, तिकडच्या भाषेत पीएलबी, भाड्यानं घ्यावा. संवर्धन खात्याच्या काही माहिती केंद्रांत आणि ट्रेकिंगच्या दुकानांत तो मिळतो. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत देतो. भाड्यानं घेताना चार गोष्टी बघायच्या: बॅटरीची मुदत, झाकणाचं सील, पट्टीसारखी गुंडाळलेली अँटेना मोकळी होते का, आणि बीकन नोंदवलेला आहे का. नोंदणी फुकट आहे. तिच्यामुळे केंद्राला तुमच्या संपर्कातल्या माणसाला फोन करून किती जण आहेत, कुठली वाट, कुठला आजार, हे विचारता येतं. बाहेरच्या देशात घेतलेला बीकन नेत असाल तर त्याच्या आत त्या देशाचा कोड असतो (न्यूझीलंडचा 512 आहे), आणि त्याची नोंदणी त्या कोडच्या देशात करावी लागते.

वापरताना अँटेना पूर्ण उलगडा, ती आकाशाकडे उभी ठेवा, बटण दाबा. दाट झाडीत किंवा कड्याच्या कुशीत असाल तर शक्य तितक्या मोकळ्यावर सरका. बीकन सपाट जागी ठेवा, जीपीएसची जागा हातानं झाकू नका. एकदा सुरू केला की माणसं येईपर्यंत बंद करायचा नाही. बॅटरी किमान 24 तास चालते, ती वाचवायला बंद-चालू करत बसलात तर जागा पक्की करणं अवघड होतं. पीएलबी सॅकच्या तळाशी नको, अंगावर हवा. घसरल्यावर सॅक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं होतं. बीकन चालू असला तरी हेलिकॉप्टर ढगात उतरत नाही, म्हणून एक रात्र उघड्यावर निभेल इतके गरम कपडे, पाऊस अडवणारं जाकीट, खाणं आणि सर्व्हायव्हल बॅग छोट्या दिवसाच्या ट्रेकलाही सोबत पाहिजे. आणखी एक: संवर्धन खातं तुमच्या परतीची वाट बघत बसत नाही. वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीतल्या वहीत नाव लिहिलं म्हणजे कोणाला तरी कळवलं असं होत नाही. कुठली वाट, परतीची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे तिघं-चौघं ओळखीचे असतील तर त्यातल्या एकाला ठामपणे सांगून जा. माउंटन सेफ्टी कौन्सिलचं "प्लॅन माय वॉक" हे फुकटचं ॲप हा आराखडा तयार करून देतं, वाटेवरचे इशारे आणि हवामानही एका जागी दाखवतं.

वाटांच्या पाट्याही वाचायला शिकायला हव्यात. "वॉकिंग ट्रॅक" म्हणजे बुटांत आरामात, "ट्रॅम्पिंग ट्रॅक" म्हणजे मुळं, चिखल, पूल नसलेले ओढे, आणि "रूट" म्हणजे तयार वाट असेलच असं नाही, केशरी त्रिकोण किंवा खांब शोधत जायचं. नदी मातकट झाली असेल, दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, ओंडके वाहत असतील, तर उतरायचं नाही, थांबायचं. पाऊस थांबल्यावर तिकडचे ओढे उतरतातही तितक्याच झपाट्यानं.

एक जागा जवळून बघू, कारण तिथे घोटे आणि मनगटं फार जातात. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही ज्वालामुखी डोंगरातली पायवाट, सुमारे 20 किलोमीटर, मांगाटेपोपोपासून केटेटाहीपर्यंत एकतर्फी. चढताना लोक सावध असतात. त्रास होतो रेड क्रेटरवरून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे उतरताना. जमीन म्हणजे सुटी, गोल, सच्छिद्र लाव्हाची खडी, तिच्यात पाय रुततो आणि सरकतो. माणूस घाबरून मागे रेलतो, टाच पुढे सटकते, आणि तो तळहातावर पडतो. मनगट तिथेच मोडतं. उतरायचं ते गुडघे किंचित वाकवून, वजन पावलाच्या बरोबर वर ठेवून, टाच खडीत रोवत, छोट्या पावलांनी. काठ्या असतील तर पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, नाहीतर पडताना काठी हात पिळते. पुढच्या माणसाशी अंतर ठेवा, वरून सुटलेला दगड त्याच्या पोटरीवर जातो. आणि परतीच्या शटल बसची शेवटची वेळ डोक्यात घेऊन उतरू नका. गडबड तिथूनच सुरू होते. उशिराचं शटल घ्या, किंवा गाडी शेवटच्या टोकाला लावून शटलनं सुरुवातीला जा, म्हणजे संध्याकाळी कोणीच वाट बघत नसतं. हिवाळ्यात तीच वाट बर्फाची असते. बर्फात रोवायची कुऱ्हाड (आइस ॲक्स) आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते, हाती असणं आणि ते वापरता येणं, दोन्ही हवं. नाहीतर गाइड घ्या.

स्कीचं साहित्य भाड्यानं घेताना काउंटरवर एक फॉर्म असतो: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि स्कीअरचा प्रकार एक, दोन किंवा तीन. यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोरावर सुटेल ते ठरतं. संकोचानं वजन कमी सांगितलं तर स्की उगाच निघतो. ऐटीत "मला येतं" म्हणून तीन लिहिलं तर पडताना तो निघतच नाही, आणि लांबलचक स्की गुडघ्याला तरफेसारखा पिळतो. नवख्यानं एक लिहायचं, दुसरा विचार नको. वय 50 किंवा जास्त असेल तर सेटिंग एक पायरी हलकं करतात, म्हणून वयही खरं सांगा. स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटतच नाही, तिथे जातं मनगट. मनगटाचे गार्ड भाड्यानं मिळतात, ते घ्या, आणि पडताना मुठी मिटून बाहूंवर पडायला शिका.

माउंटन बाइकसाठी इतकंच: उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तरी दुकानातून निघण्याआधी दाबून खात्री करा. पहिल्या उतरणीवर एका बोटानं ब्रेक, बूड सीटच्या मागे. हेल्मेट रस्त्यावर कायद्यानं सक्तीचं आहे, वाटेवर तर हवंच.

इथे व्यवस्थेतला एक कच्चा दुवा सांगायला हवा. पैसे घेऊन, गाइड देऊन धोक्याचे खेळ करवणाऱ्यांना 2016 च्या साहसी उपक्रम नियमांखाली वर्कसेफ या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि ठरावीक काळानं सुरक्षा-तपासणी द्यावी लागते. 9 डिसेंबर 2019 रोजी व्हाकारी या बेटावरच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा बेटावर 47 माणसं होती, त्यातली 22 गेली, आणि त्यात परदेशी पर्यटकच जास्त होते. त्यानंतर नियम कडक झाले आणि एप्रिल 2024 पासून नैसर्गिक धोक्यांबद्दल ग्राहकाला आधीच सांगणं बंधनकारक झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण नुसती सायकल किंवा स्की भाड्यानं देणारं दुकान या नोंदणीत येत नाही, आणि जास्त पाहुणे जखमी होतात ते याच साहित्यावर, एकटे असताना. जेट बोट आणि राफ्टिंग सागरी नियमांखाली येतं, टँडम (प्रशिक्षकाला बांधून केलेलं) स्कायडायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग नागरी विमान प्राधिकरणाच्या नियमांतल्या भाग 115 खाली. म्हणून वर्कसेफच्या यादीत स्कायडाइव्हचं नाव सापडलं नाही म्हणून घाबरू नका, चुकीच्या जागी बघताय. यादीत कंपनीचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, तुम्ही घेताय तोच उपक्रम तिच्या नावापुढे आहे का ते बघा.

बुकिंग करताना सही करून घेतात त्या कागदाचा धसका घ्यायचं कारण नाही. दुखापतीच्या भरपाईचा दावा एसीसीच्या कायद्यानं आधीच बंद केलेला आहे. उदाहरण घालून देण्यासाठीचा दंडात्मक दावा तेवढा उरतो आणि तो फार विरळा. कंपनीवर खटला भरायचा तर तो वर्कसेफसारखी नियंत्रक संस्था भरते. त्या कागदावर खरं बघायचं ते आरोग्याचे प्रश्न. कवाराऊ पुलावरून, म्हणजे 43 मीटरवरून, 1988 पासून लोक बंजीच्या उड्या मारतायत. तिथे वजन करून आकडा हातावर लिहितात कारण दोरी वजनावरून निवडतात. पण रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा जुना त्रास, मानेचं दुखणं, गर्भारपण, हे वजनकाटा दाखवत नाही. उलटं लटकताना डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. ते सांगणं तुमचंच काम. टँडम स्कायडाइव्हला लँडिंगच्या वेळी गुडघे छातीकडे घेऊन पाय वर धरा म्हणतात ते तंतोतंत करा, आधी टेकलेला पाय घोट्यात मोडतो.

मग विमा कुठला घ्यायचा? एसीसी जिथे संपते तिथून सुरू होणारा. म्हणजे आजार, घरी परत आणणं (गरज पडल्यास सोबत डॉक्टर किंवा नर्ससह), परतल्यानंतरचे उपचार, सोबतच्या माणसाचा मुक्काम, बुडालेलं बुकिंग. "ॲडव्हेंचर स्पोर्ट्स समाविष्ट" ही ओळ वाचून थांबू नका. वगळलेल्या गोष्टींचं पान उघडा आणि तुमच्या यादीतला एकेक खेळ त्यात शोधा: ठरवलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग, गाइडशिवाय बर्फावर चालणं, दोरी आणि क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई, उंचीची मर्यादा, "परवानाधारक संस्थेबरोबरच" ही अट. परतल्यानंतरच्या उपचारांना किती दिवसांची मुदत आहे तेही बघा. एसीएलसाठी 30 दिवस पुरत नाहीत.

अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या मदत क्रमांकाला पहिल्याच दिवशी फोन करा, इस्पितळाचा खर्च एसीसी उचलत असली तरी. क्वीन्सटाउनजवळ फ्रँक्टनचं लेक्स डिस्ट्रिक्ट हॉस्पिटल लहान आहे. अवघड केस डनिडनला हलवतात, रस्त्यानं साधारण 280 किलोमीटर. पेशंट हलला की सोबतच्या माणसाचं हॉटेल, गाडी, तिकीट सगळं बदलतं, आणि पूर्वपरवानगीशिवाय केलेल्या खर्चावर कंपन्या अडून बसतात. डिस्चार्ज समरी, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली (नुसता रिपोर्ट नव्हे), शस्त्रक्रिया झाली असेल तर बसवलेल्या प्लेट-स्क्रूची माहिती, सरचार्जच्या पावत्या आणि एसीसी 45 चा क्रमांक, हे सगळं निघण्याआधी हातात घ्या. इस्पितळ सोडल्यावर दूरच्या देशातून फाइली मागवण्यात आठवडे जातात. कुबड्या बहुतेक ठिकाणी परतीच्या बोलीवर असतात, प्रवासात नेता येतील का ते विचारा. रात्री-बेरात्री सूज किंवा औषधाबद्दल शंका आली तर हेल्थलाइनची नर्स 0800 611 116 वर फुकट बोलते.

आणि विमान. प्लास्टर घातल्यापासून 48 तास झाले नसतील तर लांबच्या उड्डाणासाठी एअरलाइन्स ते दोन्ही बाजूंनी उभं चिरून आणायला सांगतात, कारण हवेत सूज वाढते आणि घट्ट प्लास्टरमध्ये रक्तपुरवठा दबतो. इस्पितळातच सांगा, "अमुक तारखेला विमान आहे", म्हणजे ते चिरलेलं प्लास्टर किंवा पाठीमागून आधार देणारा अर्धा स्लॅब घालतील. बहुतेक एअरलाइन्स मेडिफ नावाचा वैद्यकीय फॉर्म मागतात. तो डॉक्टरकडून भरून घ्यायला आणि मंजूर व्हायला दोन-तीन दिवस धरा. पाय सरळ ठेवावा लागत असेल तर जास्तीच्या सीट लागतात, त्यांचे पैसे विम्यानंच दिले तर मिळतात. पायाला प्लास्टर आणि पुढे पंधरा-वीस तासांचा प्रवास म्हटल्यावर पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारं इंजेक्शन घ्यायचं का हे सर्जनला स्पष्ट विचारा, आणि ते घ्यायचं ठरलं तर हातसामानात न्यायला चिठ्ठी मागा. विमानात पाय वर, पाणी भरपूर, बोटं दर तासाला हलवून बघायची. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं औषधानंही न थांबता वाढत गेलं, तर उतरेपर्यंत थांबू नका, केबिन क्रूला लगेच सांगा.